हा आकडा कुठून आणला?

‘मुस्लिम समाज शिक्षणात मागासलेला आहे.’ परभणी, जिंतूर, पाथरी, सेलू, गंगाखेड इथल्या विद्यार्थ्यांकडून गेल्या वर्षभरात आमच्याकडे जे लेख आले, त्यातल्या निम्म्याहून जास्त लेखांची सुरुवात या वाक्याने किंवा त्याच्या सख्ख्या भावाने होते. वाक्य खोटे नाही. पण ते इतक्या जणांनी इतक्या वेळा लिहिले आहे की त्याला आधार द्यावा असे लिहिणाऱ्याला वाटतच नाही. पुढच्या ओळीत सच्चर समितीचे नाव येते, त्यापुढे ‘ही मोठी शोकांतिका आहे’ आणि लगेच उपाय सुरू. मधला सगळा भाग गायब.

मी परभणीत वाढलो, अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि आता पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. निबंध तपासणे हा माझा पेशा नाही. दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून ‘हे कशावरून?’ असे विचारणे मात्र रोजचे काम आहे. त्याच सवयीने मी हे लेख वाचतो, आणि म्हणून या वेळचे संपादकीय लिहिणाऱ्या मुलामुलींसाठी.

आधी तेच वाक्य घेऊ. मागासलेला म्हणजे कुणापेक्षा? शिक्षणाच्या कोणत्या पायरीवर? आणि कुठला समाज? देशातला, राज्यातला, की आपल्या जिल्ह्यातला? २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६४.८ टक्के होती आणि मुस्लिमांची ५९.१ टक्के. हा ५९.१ चा आकडा आमच्याकडे येणाऱ्या लेखांत हमखास असतो. पण त्याच जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ७६.९ टक्के आणि महाराष्ट्रातल्या मुस्लिमांची ७८.१ टक्के होती. म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा थोडी जास्तच.

हे कळल्यावर लिहिणारा गोंधळतो. काहीजण आकडा लपवतात, कारण तो लेखाच्या विरोधात जातो. काहीजण एकदम उलटे फिरतात: बघा, आपण मागे नाहीच! दोन्हीकडे घाई आहे. थोडे थांबून बघितले तर दिसते की महाराष्ट्रातले सुमारे ७० टक्के मुस्लिम तेव्हा शहरांत राहत होते, तर राज्यातली एकूण शहरी लोकसंख्या ४२ टक्क्यांच्या आसपास होती. शहरात शाळा जवळ असते, साक्षरता सगळ्यांचीच जास्त असते. म्हणजे आपण शहरी मोहल्ल्याची तुलना डोंगर-वस्त्यांसह सगळ्या राज्याशी करत होतो. तुलना करायचीच तर शहराची शहराशी आणि खेड्याची खेड्याशी हवी.

आता वरची पायरी. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले की देशात वीस वर्षांवरच्या लोकांमध्ये पदवी किंवा पदविका असलेले सुमारे ७ टक्के आहेत, मुस्लिमांमध्ये हे प्रमाण ४ टक्क्यांहूनही कमी. साक्षरतेत देशपातळीवर पाच-सहा टक्क्यांचे अंतर, आणि पदवीपर्यंत जाताना प्रमाण जवळजवळ निम्म्यावर. म्हणजे राज्यापुरते बोलायचे तर नुसत्या अक्षरओळखीकडे बोट दाखवून आपले मागासलेपण सिद्ध होत नाही. शोधायचे आहे ते हे की पोर शाळेत जाते खरे, पण कुठल्या इयत्तेनंतर आणि कशामुळे गळते. ‘मागासलेला आहे’ या वाक्यापेक्षा हे वाक्य लहान दिसते. पण यावर पुढे काम करता येते.

परभणीत बसून लिहिणाऱ्याला आणखी एक प्रश्न टाळता येत नाही. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती, परभणी जिल्ह्याची सुमारे ७३ टक्के. नऊ टक्क्यांचा हा फरक जिल्ह्यातल्या सगळ्यांच्या वाट्याचा आहे. मग पालम तालुक्यातली मुस्लिम मुलगी दहावीनंतर घरी बसली, तर ते ती मुस्लिम आहे म्हणून, मुलगी आहे म्हणून, की पालमची आहे म्हणून? बहुधा तिन्ही कारणे मिसळलेली असतील. पण शेजारच्या गल्लीतली मराठा किंवा मातंग मुलगी कितवीला थांबली हे न विचारता ‘मुस्लिम म्हणून’ लिहून टाकणे ही पळवाट आहे. आणि हो, २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे २०११ चा आकडा वापरताना तो जुना आहे हेही त्याच ओळीत लिहा. वाचणाऱ्याने ते शोधून काढण्याआधी तुम्ही सांगितलेले बरे.

असे काही कळवले की उत्तर येते. एका मुलीने फार स्पष्ट लिहिले होते: ‘भाई, बाकीच्यांना कोणी काही विचारत नाही. ते टीव्हीवर काहीही बोलतात. प्रत्येक ओळीचा सबूत आपणच का द्यायचा?’

तिची तक्रार बरोबर आहे. नागरिक असल्याचा, निष्ठेचा, निर्दोष असल्याचा पुरावा आपल्याकडे जितक्या वेळा मागितला जातो तितका इतरांकडे मागितला जात नाही. मी हे न्याय्य आहे असे म्हणणार नाही. पण वजनकाटा आपल्या विरुद्ध झुकलेला असतो तेव्हा हलका माल ठेवून चालत नाही. तुमच्या लेखात दहा ओळी आहेत, त्यातल्या नऊ पक्क्या आणि एक ऐकीव. विरोधक त्या नऊ ओळींना हात लावणार नाही. तो ऐकीव ओळ उचलेल आणि तिच्यासकट सगळा लेख फेकून देईल.

असे घडलेले आपण पाहिले आहे. जानेवारी २०२५ मध्ये लेखक-पत्रकार दिलीप मंडल यांनी समाजमाध्यमावर जाहीर केले की फातिमा शेख नावाची व्यक्ती कधी नव्हतीच, ते पात्र आपणच रचले होते. आपल्यातले कितीतरी लोक एकदम हादरले. शाळेतल्या भाषणांत, पोस्टरांवर, वस्तीतल्या वाचनालयांच्या पाट्यांवर जे नाव आपण लावले ते कुणीतरी बनवलेले? रागाने भरलेल्या पोस्टी आल्या. पण उत्तर दिले ते एका पत्राने. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी होत्या. आपल्यामागे फातिमाला त्रास होत असेल पण ती कुरकुर करणार नाही, असा त्या ओळीचा आशय आहे. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ या ग्रंथात हे पत्र आहे आणि तो ग्रंथ राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये काढला. तेव्हा समाजमाध्यमे जन्मालाही आली नव्हती. ‘मी रचले’ म्हणणाऱ्याला एवढे पुरे होते.

पण आता आपले निबंध बघा. ‘फातिमा शेख यांचा जन्म ९ जानेवारी १८३१ रोजी झाला.’ ‘त्या देशातल्या पहिल्या मुस्लिम शिक्षिका.’ मोहल्ल्यात फिरून त्यांनी पालकांना काय समजावले याचे तर संवादच लिहिलेले असतात. सावित्रीबाईंच्या पत्रात यातले काहीही नाही. जन्मतारीख नाही, ‘पहिली’ नाही, संवाद तर नाहीतच. ९ जानेवारी २०२२ ला गूगलने त्यांचे डूडल लावले म्हणून ती तारीख सिद्ध होत नाही. गूगलने ती कुठून तरी घेतली एवढेच त्यातून कळते. फातिमावर शंका घेणे सोपे का झाले? कारण एका पक्क्या ओळीभोवती आपण बिनहवाल्याच्या वीस ओळी रचून ठेवल्या होत्या.

त्याऐवजी असे लिहा: १८५६ च्या पत्रावरून दिसते की फुले दांपत्याच्या पुण्यातल्या आयुष्यात फातिमा नावाची एक स्त्री जवळची होती आणि अडचणीतही ती साथ देईल असा सावित्रीबाईंना भरवसा होता. बाकीचे जे लिहायचे ते चरित्रकाराच्या हवाल्याने लिहा, कोणाचे चरित्र आणि कधीचे ते सांगून. काहींना वाटेल की यात फातिमा लहान झाली. मला तसे वाटत नाही. १८५६ साली एका माळी घरातली शिक्षिका आपल्या नवऱ्याला लिहिते की फातिमा कुरकुर करणार नाही. या एका ओळीत जेवढी दोस्ती आहे तेवढी आपल्या सगळ्या पोस्टरांत मिळून नाही.

खरे तर ‘कुणाकडून ऐकलेस?’ हा प्रश्न आपल्या घरात परका नाही. हदीसच्या अभ्यासात मजकुराइतकेच महत्त्व इस्नादला असते: हे कोणी सांगितले, त्याला कोणी सांगितले, तो माणूस विश्वासाचा होता का. साखळीतला एक दुवा कच्चा निघाला तर ती रिवायत कमजोर ठरते. ज्यांच्या परंपरेत हजार वर्षांपूर्वी हवाल्याचे एवढे शास्त्र झाले, त्यांनी व्हॉट्सॲपवर आलेला आकडा जसाच्या तसा निबंधात उतरवावा, याची मला गंमतही वाटते आणि वाईटही.

हल्ली त्यात चॅटजीपीटीची भर पडली आहे. आमच्याकडे आलेल्या एका लेखात एका अहवालाचे नाव, वर्ष, पान क्रमांक, सगळे होते. फक्त तसा अहवाल नव्हता. ही यंत्रे कशी चालतात हे माझ्या धंद्यातले आहे म्हणून सांगतो: आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द शोभेल याचा अंदाज ती बांधतात. हवाला मागितला की हवाल्यासारखे दिसणारे काहीतरी तयार होते. मराठी दुरुस्त करायला ते वापरा, हरकत नाही. पण स्वतः उघडून न वाचलेल्या कागदाचे नाव लेखात घालू नका.

आपल्या बाजूचा दावा तपासणे सगळ्यात अवघड. पाथरीच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीसाठी १०० कोटींची घोषणा केली आणि शिर्डीत बंद पाळला गेला. त्या आठवड्यात पाथरीत कोणालाही विचारले असते तर उत्तर एकच मिळाले असते, आणि शिर्डीतही एकच, बरोबर उलटे. पाथरीकडून सांगितला जाणारा एक मुद्दा असा की तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी २०१७ मध्ये शिर्डीतच पाथरीचा जन्मस्थान म्हणून उल्लेख केला होता. पण राष्ट्रपती बोलले हे पदाचे वजन झाले. एकोणिसाव्या शतकातल्या जन्माची माहिती त्यातून मिळत नाही. उलट बाजूला दाभोलकरांचे ‘श्री साईसच्चरित’ आहे, बाबांच्या समाधीनंतर सुमारे दशकभराने छापलेले, आणि त्यात बाबांचे जन्मस्थान व आईवडील कोणालाच माहीत नसल्याचे सांगितले आहे. मग पाथरीच्या मुलाने गप्प बसायचे का? नाही. ‘पाथरीत अशी परंपरा सांगितली जाते, तिचे आधार हे आणि त्यांच्या मर्यादा ह्या’ असे त्याने लिहावे. त्यावर शिर्डीचा माणूसही त्याच्याशी बोलू शकेल.

दावा आणि पुरावा यांतले अंतर कधी कधी एखाद्या बाईच्या ताटातल्या भाकरीएवढे असते. परभणी जिल्हा ज्याच्या अखत्यारीत येतो त्या औरंगाबाद खंडपीठात २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे मराठवाड्यातले एक पोटगीचे प्रकरण आले. नवऱ्याचे म्हणणे होते की मी तलाक दिला आहे, म्हणून पोटगी लागू होत नाही. न्यायालयाने सांगितले की तलाक दिला असे लेखी जबाबात म्हटले म्हणजे तलाक सिद्ध झाला असे नाही. तो कशासाठी दिला, आधी समेटाचा प्रयत्न झाला का, हे पुराव्याने दाखवावे लागेल. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात असाच निर्णय दिला. २०१७ चा शायरा बानो निकाल सगळ्यांना माहीत असतो, पण त्याच्या पंधरा वर्षे आधी आपल्याच विभागात हे झाले होते. तिहेरी तलाकवर लिहिणाऱ्या परभणीच्या विद्यार्थ्याने दिल्लीला जायच्या आधी औरंगाबादला थांबावे.

याच विषयावरचा एक आकडा फार वापरला जातो: ‘९२ टक्के मुस्लिम महिलांना तोंडी तलाक नको आहे.’ हा भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या पाहणीतला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा. त्यांनी दहा राज्यांतल्या ४,७१० महिलांशी बोलून तो काढला आणि तो नेमका ९२.१ टक्के होता. ते काम मोठे आहे, मला त्याचा आदर आहे. पण निबंधात ‘४,७१० महिलांपैकी ९२.१ टक्के’ असेच लिहा, आणि पाहणी त्या मागणीसाठी लढणाऱ्या संघटनेनेच केली होती हेही लिहा. तुमचा मुद्दा त्याने पातळ होत नाही. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी विधानभवनावर जो मोर्चा नेला त्यात सात महिला होत्या. आज साठ वर्षांनंतरही आपण ‘सात’ असेच लिहितो, ‘असंख्य’ लिहीत नाही, म्हणूनच ती गोष्ट अंगावर येते.

आणखी एक गोष्ट आपल्या लेखांत जवळजवळ नसतेच: समोरच्याचे म्हणणे. असते तेव्हा ‘काही जातीयवादी लोक म्हणतात’ एवढ्यावर ते उरकलेले असते. आरक्षणावरचा लेख घ्या. विरोधकाचा सगळ्यात मजबूत मुद्दा कोणता? राज्यघटनेनुसार केवळ धर्माच्या आधारावर आरक्षण देता येत नाही, हा. तो मुद्दा मांडणारा प्रत्येक जण तुमचा वैरी नसतो. घटना वाचलेला माणूसही तो मांडतो. तेव्हा तो त्याच्या तोंडून यावा तितक्या ताकदीने आधी तुम्हीच मांडा आणि मग उत्तर द्या. उत्तर आहे. जुलै २०१४ च्या राज्याच्या अध्यादेशाने मुस्लिमांमधल्या ५० समूहांना मागास म्हणून शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण दिले होते; सरसकट धर्माला दिले नव्हते. त्यामागे महमूदुर रहमान समितीचा २०१३ चा अहवाल होता. १४ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातले मात्र राहू दिले. एकाच अध्यादेशाचे एक अंग टिकले आणि दुसरे अडले.

पुढे त्या अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि तो डिसेंबरमध्ये संपला. म्हणजे न्यायालयात टिकलेला भागही विधिमंडळात मेला. चांगला युक्तिवाद केला की हक्क मिळतो असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. पण पुन्हा कधी हा विषय निघेल तेव्हा सुरुवात २०१४ च्या त्या आदेशापासून करता येईल, शून्यापासून नाही.

आता तुमच्या हातात असलेल्या पुराव्याबद्दल. अहवाल मुंबई-दिल्लीत लिहिले जातात. पूर्णा किंवा मानवतमधल्या मोहल्ल्यात काय चालले आहे ते तुम्हालाच दिसते. तरी लेखात ते येत नाही. मुली शिक्षण का सोडतात याला आमच्याकडे आलेल्या लेखांत एकच कारण असते, ‘पालकांची मानसिकता’. माझ्या कामात लोक तक्रार पाठवतात, ‘ॲप चालत नाही’. त्यावरून काहीच दुरुस्त करता येत नाही. कोणता फोन, कुठले बटण दाबले, पडद्यावर काय दिसले, हे कळले तर तासाभरात चूक सापडते. ‘मानसिकता’ ही तशीच तक्रार आहे.

दहावीनंतर थांबलेल्या पंचवीस-तीस मुलींकडे जा. मुलीच जा, घरात प्रवेश तरी मिळेल. विचारा: कॉलेज किती किलोमीटरवर? एसटी कितीला जाते, कितीला परतते? अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत असतो, तो काढला होता का? पास असून गेली नसेल तर अडचण पैशाची नव्हती, मग वेळेची होती की रस्त्याची? उर्दू माध्यमातून दहावी केली असेल तर पुढे उर्दूत शिकवणारे कॉलेज जवळ होते का? घरात आजारी कोण होते? लग्न ठरले म्हणून शाळा सुटली, की शाळा सुटली म्हणून लग्न ठरले? हा शेवटचा प्रश्न नीट विचारा, कारण दोन्हींत वरून चित्र एकच दिसते आणि उपाय मात्र पूर्ण वेगळे. मग मोजा. तीसपैकी अकरा जणींनी एसटीचे कारण दिले तर ‘अकरा’ लिहा. ‘बहुतांश’ लिहू नका, तीसमध्ये अकरा म्हणजे बहुतांश नव्हे. आणि या तीस मुली म्हणजे सगळा जिल्हा नव्हे, हेही लिहा. नावे कोणाचीही छापायची नाहीत. ‘पूर्णा तालुका, सतरा वर्षे’ एवढे पुरे.

भाषेबद्दल फार बोलत नाही. उर्दू माध्यमातली मुले मजमूनला शेराने सजवतात, मराठी माध्यमातली सुविचाराने. दोन्ही काढून टाका, मुद्दा लवकर दिसतो. मराठी मोडकी असेल तर आम्ही दुरुस्त करू. आकडा मोडका असेल तर आम्हाला तो दुरुस्त करता येत नाही.

पुढच्या अंकाचा विषय ‘दहावीनंतर’ असा ठेवला आहे. बाराशे शब्दांपर्यंत, मराठीत किंवा उर्दूत. प्रत्येक आकड्याच्या शेजारी तो कुठून घेतला ते लिहा, आणि तुमच्या म्हणण्याविरुद्ध जाणारी निदान एक गोष्ट लेखात असू द्या. स्वतः विचारून माहिती जमवली असेल तर ज्या वहीत खुणा केल्या त्या पानाचा फोटो जोडा, पण मुलींची नावे आधी झाकून. पेन्सिलने केलेल्या खुणा असल्या तरी चालतील.